घरच्या अन्नखर्चाचे अंदाजपत्रक
(वरठी परिसरातील धान पिकविणाऱ्या कुटुंबांसाठी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी)

धानाच्या एका एकरास बियाणे किती, खत किती व रोवणीची मजुरी किती, हे शेतकरी बोटांवर मोजून सांगू शकतो. परंतु त्याच्या घरात वर्षाकाठी किती तांदूळ शिजतो, किती डाळ लागते आणि किराणा दुकानास किती रुपये जातात, असे विचारले असता बहुधा ‘लागेल तेवढे’ असेच उत्तर मिळते. शेतीचा हिशेब ठेवणारे कुटुंब स्वयंपाकघराचा हिशेब ठेवीत नाही. त्यामुळे कार्तिकात भरलेली कणगी आषाढात रिकामी होते, आणि ज्या घराने तांदूळ पिकविला त्याच घराला तांदूळ विकत घ्यावा लागतो. हा प्रसंग टाळण्याचा उपाय म्हणजे अन्नखर्चाचे अंदाजपत्रक. ते तयार करण्याची वेळ धान विकल्यानंतरची नसून धान विकण्यापूर्वीची आहे, हा या पाठाचा मुख्य मुद्दा होय.

अन्नखर्चाचे महत्त्व

मिळकत जितकी कमी तितका तिचा मोठा हिस्सा अन्नावर खर्च होतो, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली मांडला. भारतातील पाहण्यांतूनही तेच दिसते. १९९९-२००० साली देशातील ग्रामीण कुटुंबांच्या एकूण खर्चापैकी सरासरी ५९.४० टक्के खर्च अन्नावर होत असे. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत हे प्रमाण ४६.३८ टक्के आढळले. प्रमाण उतरले असले तरी त्या वर्षीही खर्चाच्या दर शंभर रुपयांतील सुमारे सेहेचाळीस रुपये अन्नासाठीच गेले. एवढ्या मोठ्या रकमेचा हिशेब नसेल तर बाकीच्या हिशेबाला अर्थ राहत नाही.

याच पाहणीतील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तृणधान्यांवरील खर्च १९९९-२००० साली २२.१६ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये ४.९१ टक्क्यांवर आला. उलट पेये, फराळाचे तयार जिन्नस व पुड्यांतील खाद्यपदार्थ यांवरील खर्च ९.६२ टक्के, म्हणजे धान्यावरील खर्चाच्या जवळजवळ दुप्पट आढळला. शेतकऱ्याचे लक्ष धान्याच्या पोत्यावर असते. पैसा मात्र दुसऱ्याच वाटेने जात असतो.

वरठीची परिस्थिती

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील वरठी हे गाव मुंबई–हावडा लोहमार्गावर असून ‘भंडारा रोड’ हे रेल्वे स्थानक येथेच आहे. गावी पोलादाचा मोठा कारखाना आहे. भोवतालचा मुलूख वैनगंगेच्या खोऱ्यातील, बांधी, बोडी व मामा तलावांचा, मुख्यतः धानाचा. त्यामुळे या परिसरात तीन तऱ्हेची मिळकत आढळते.

(१) वार्षिक मिळकत : हलका धान आश्विनात व भारी धान कार्तिक-मार्गशीर्षात निघतो. पैसा त्यानंतर एकदाच हाती येतो. उन्हाळी धान घेणाऱ्यास तो दोनदा येतो.

(२) मासिक मिळकत : कारखान्यात, रेल्वेत वा दुकानात कामास जाणाऱ्यास दरमहा पगार मिळतो.

(३) रोजची मिळकत : शेतमजूर व बांधकामावरील मजूर यांची मिळकत कामाच्या दिवसांवर अवलंबून असते.

पोट मात्र तिन्ही घरांत रोजच भरावे लागते. मिळकतीचा काळ आणि खर्चाचा काळ यांची गाठ घालून देणे, हेच अंदाजपत्रकाचे काम आहे. अनेक घरांत एक भाऊ शेतीत व दुसरा कारखान्यात असतो. अशा घरी पगार येत असल्यामुळे धान बिनदिक्कत विकला जातो, आणि पगार थकला किंवा काम सुटले की घरात ना धान ना पैसा अशी स्थिती होते. म्हणून पगार असलेल्या घरानेही पुढील पायऱ्या सोडू नयेत.

पहिली पायरी : सात दिवसांचे मोजमाप

अंदाजपत्रक तर्काने करू नये, मोजून करावे. त्यासाठी सण, पाहुणे अथवा आजारपण नसलेला साधा आठवडा निवडावा. रोज शिजविण्यापूर्वी तांदूळ, पीठ व डाळ एकाच मापाने मोजावी आणि भिंतीवरील दिनदर्शिकेच्या त्या त्या तारखेत आकडा लिहावा. माप कोणतेही चालेल; ते एकदा तराजूवर टाकून त्यात किती ग्रॅम मावतात तेवढे पाहावे. तेलासाठी आठवड्याच्या आरंभी व शेवटी बाटलीवर खूण करावी. सात दिवसांच्या बेरजेस सातांनी भागले की रोजची गरज निघते.

उदाहरणादाखल पाच माणसांचे घर घेऊ. नवरा-बायको, वृद्ध आई आणि शाळेत जाणारी दोन मुले. मोजमापात या घरी रोज दोन किलो तांदूळ शिजतो असे आढळले. वर्षाचे ७३० किलो झाले. सणवार, पाहुणे व घरचे कार्य यांसाठी ४० किलो अधिक धरल्यास एकूण ७७० किलो तांदूळ लागेल.

दुसरी पायरी : खळ्यावरच घरचा धान वेगळा काढणे

सरकारी भरडाईत एक क्विंटल धानास ६७ किलो तांदूळ असे मान धरतात. सोपा हिशेब म्हणजे तीन किलो धानास दोन किलो तांदूळ. गावातील लहान गिरणीत कणी व तूट अधिक पडत असेल तर आपला उतारा एकदा तोलून पाहावा.

वरील कुटुंबास ७७० किलो तांदळासाठी ११५५ किलो धान लागेल. साठवणीतील नासाडीसाठी विसावा हिस्सा वाढवून धरला तर सुमारे १२ क्विंटल धान घरासाठी ठेवावा लागेल.

हे कुटुंब राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य गटात असेल तर त्यास दरमाणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पाच माणसांचे वर्षाचे ३०० किलो होतात. तांदूळ व गहू मिळून येणारे हे धान्य वजा करता घरच्या तांदळाची गरज ४७० किलो राहते. त्यासाठी ७०५ किलो, आणि नासाडीची तरतूद धरून सुमारे साडेसात क्विंटल धान पुरेल. अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबास दरमहा ३५ किलो मिळते. त्या घराने तसा हिशेब करावा.

हा आकडा ठरला की पुंजण्याची मळणी होताच तेवढी पोती प्रथम बाजूला काढावीत, त्यांवर खूण करावी आणि उरलेल्या धानाचाच विक्रीसाठी विचार करावा. ‘आधी विकू, उरेल ते खाऊ’ या रीतीऐवजी ‘आधी ठेवू, उरेल ते विकू’ ही रीत अंगीकारावी.

घाईने विकल्याने काय नुकसान होते तेही पाहू. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. शंभर किलो तांदळाचा दीड क्विंटल धान या भावाने विकल्यास ३,४५० रुपये येतात. तोच शंभर किलो तांदूळ श्रावणात किलोस ४५ रुपये भाव धरून घेतला तर ४,५०० रुपये द्यावे लागतात. भरडाईचा खर्च सोडून १,०५० रुपयांचा फरक पडतो. पैशाच्या नडीमुळे हमीभावापेक्षा कमी दराने धान दिला असेल तर हा फरक आणखी वाढतो.

ठेवलेला धान टिकणेही आवश्यक आहे. तो चांगला वाळवावा. ओलावा १४ टक्क्यांच्या आत असावा, आणि वर्षभर ठेवावयाचा असल्यास १२ टक्क्यांपर्यंत उतरवावा. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून हातभर अंतरावर रचावीत. जुन्या पोत्यांत किडीची अंडी राहतात. ती पोती कडक उन्हात वाळवूनच वापरावीत.

तिसरी पायरी : भाताबरोबर काय, याचा हिशेब

नुसता तांदूळ पुरला म्हणजे अन्न पुरले असे होत नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांच्या दैनिक आहारासाठी तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाजीपाला ४०० ग्रॅम, दूध वा दही ३०० मिलिलिटर व तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण सुचविले आहे. शेतात कष्टाचे काम करणाऱ्यास उष्मांक अधिक लागतात, म्हणून त्याचे धान्य थोडे वाढेल. तथापि धानाच्या मुलखातील ताटात भात पुष्कळ आणि डाळ, भाजी व दूध थोडे अशी स्थिती वारंवार दिसते. अंदाजपत्रकाने ही विषमता उघड होते.

उदाहरणातील घरी माणशी सरासरी ६० ग्रॅम डाळ धरली तर रोज ३०० ग्रॅम, महिन्यास नऊ किलो व वर्षास १०८ किलो डाळ लागते. वरील प्रमाणाच्या मानाने हे थोडेच आहे; पण आरंभ येथून करता येईल. यातील काही भाग बांधीच्या धुऱ्यावरील तुरीतून व धानानंतरच्या हरभऱ्यातून घरीच निघू शकतो. तुरीची डाळ करताना वजनात चौथा ते तिसरा हिस्सा घट येते, हे विसरू नये. धानाप्रमाणेच ही तूरही प्रथम घरासाठी ठेवावी. तूर विकून पुढे डाळ विकत घेणे हा धान विकून तांदूळ घेण्यासारखाच तोट्याचा व्यवहार आहे.

भाजीचा खर्च परसबागेने पुष्कळ हलका होतो. न्हाणीच्या सांडपाण्यावर वांगी, भेंडी, पालक व वेलभाज्या होतात. दारी मुनग्याचे एक झाड असले तर शेंगा व पाला दोन्ही मिळतात. पावसाळ्याच्या आरंभी तरोट्याची कोवळी पाने, पुढे अंबाडी व चिवळ या भाज्या मोलावाचून किंवा थोड्या पैशांत मिळतात. त्यांना गरिबाची भाजी म्हणून कमी लेखू नये. उतेऱ्यात घेतलेल्या जवसाची चटणी आणि तलावातील मासळी याही या भागाच्या चांगल्या जोडी आहेत.

चौथी पायरी : रोखीच्या खर्चाचा मासिक तक्ता

घरच्या धान्याखेरीज जे विकत घ्यावे लागते त्याचा तक्ता करावा. पुढील तक्त्यातील भाव केवळ हिशेब दाखविण्यासाठी धरले आहेत. प्रत्येक कुटुंबाने आपल्या आठवडी बाजारातील भाव भरावेत.

तूर व इतर डाळी : ९ किलो, दर १५० रुपये – १,३५० रुपये
खाद्यतेल : पावणेचार किलो, दर १६० रुपये – ६०० रुपये
साखर : ३ किलो, दर ४५ रुपये – १३५ रुपये
चहापत्ती : अर्धा किलो, दर ४०० रुपये – २०० रुपये
मीठ, मिरची, हळद, मसाला – ३५० रुपये
भाजीपाला – १,२०० रुपये
दूध : रोज एक लिटर, दर ५० रुपये – १,५०० रुपये
अंडी, मासळी इत्यादी – ६०० रुपये
एकूण – ५,९३५ रुपये, म्हणजे ढोबळमानाने दरमहा सहा हजार रुपये.

ज्याच्या घरी तूर, गाय वा परसबाग आहे त्याचा आकडा खाली येईल. ज्याच्या घरी यांपैकी काही नाही त्याला निदान कोठे हात घालावा हे कळेल.

तक्त्यात सुचलेली नाही अशी एक रक्कम प्रत्येक घरात असते. ती म्हणजे किरकोळ खाऊ. दहा रुपयांच्या तीन पुड्या रोज आणल्या तर महिन्यास ९०० व वर्षास १०,८०० रुपये होतात. वरील भावाने या पैशांत ७२ किलो डाळ येते. ती या कुटुंबाच्या वर्षभराच्या डाळीचा दोन-तृतीयांश हिस्सा आहे. मुलांचा खाऊ बंद करावा असे येथे सुचवावयाचे नाही. फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरे, उकडलेले अंडे हाही खाऊच आहे, आणि त्यात पोषण आहे. चहाची साखरही अशीच नकळत वाढते. दर कपास दहा ग्रॅम साखर धरली तर पाच माणसांच्या दोन वेळच्या चहास महिन्याला तीन किलो साखर लागते.

पाचवी पायरी : कसोटीच्या महिन्यांची तरतूद

धानाच्या मुलखात ज्येष्ठ, आषाढ, श्रावण व भाद्रपद हे चार महिने कठीण असतात. पऱ्हे टाकणे, रोवणी, खत व निंदण यांचा खर्च याच वेळी येतो. शाळेची वह्या-पुस्तके, पावसाळ्यातील आजारपण व सणवार यांचीही त्यात भर पडते. पीक बांधीत उभे असते, पण हाती काही येत नाही. दुकानातील उधारी याच काळात सुरू होते. उधारीवर माल घेणारा भाव विचारीत नाही, वजन पाहत नाही आणि दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. पुढे धान निघताच तो प्रथम ही उधारी फेडण्यासाठी घाईने विकला जातो, आणि पुढील वर्षाची टंचाई त्याच दिवशी ठरून जाते.

हे चक्र तोडण्यासाठी धान विकल्याबरोबर या चार महिन्यांचा रोख अन्नखर्च वेगळा काढावा. दरमहा सहा हजार याप्रमाणे ही रक्कम २४,००० रुपये होते. क्विंटलला २,३०० रुपये भावाने ती सुमारे साडेदहा क्विंटल धानाची किंमत आहे. एवढ्या धानाचे पैसे घरखर्चात न मिसळता टपाल कचेरीतील अथवा बँकेतील निराळ्या खात्यात ठेवावेत आणि ज्येष्ठापूर्वी त्यास हात लावू नये. लहान शेतकऱ्यास सारी रक्कम एकदम ठेवणे शक्य नसेल तर दोन महिन्यांची ठेवावी. तीही शक्य नसेल तर निदान डाळीची व तेलाची ठेवावी. पगारदाराने दर पगारातून आणि मजुराने कामाच्या भर हंगामात बचत गटामार्फत ही तरतूद थोडी थोडी करावी.

काटकसर कोठे करू नये

टंचाई आली की प्रथम डाळ पातळ होते, नंतर दूध चहापुरते उरते, आणि शेवटी भाजी जाते. भात मात्र ताटभर राहतो. पोट भरल्यासारखे वाटते, म्हणून उणीव लक्षात येत नाही. त्यातही घरची गृहिणी सर्वांच्या मागून जेवते. भांड्यात जे उणे असते ते तिच्याच ताटात पडते, आणि ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ती गरोदर असेल किंवा तिच्या अंगावर मूल असेल तर या काटकसरीची किंमत दोन जीव देतात. म्हणून अंदाजपत्रकात कात्री लावण्याचा क्रम ठरवून ठेवावा. प्रथम पुड्यांचा खाऊ, नंतर साखर व तळण, नंतर सणाचा देखावा. डाळ, पालेभाजी, मुलांचे दूध व अंडी यांना सर्वांत शेवटीही हात लागू नये.

या संदर्भात लाखोळीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. उतेऱ्यात कमी खर्चात येणारे हे कडधान्य असल्यामुळे गरिबीत त्याचाच आधार घेतला जातो. कित्येक महिने लाख हेच मुख्य अन्न झाले तर पाय लुळे पडण्याचा विकार जडतो, आणि गेलेली शक्ती सहसा परत येत नाही. याच कारणास्तव १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. पुढे विषारी अंश कमी असलेले वाण संशोधकांनी तयार केले. तरीही घरच्या वापरात लाखेचा भर नसावा. ती भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे, आणि तिच्याबरोबर तूर, हरभरा, मूग यांचा आलटून-पालटून उपयोग करावा. लाखेवर दिवस काढण्याची पाळी येऊ नये यासाठीच तुरीचा हिशेब कार्तिकात करावयाचा असतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी सूचना

(१) हा पाठ मळणीपूर्वी, आश्विन महिन्यात घ्यावा. धान विकल्यानंतर घेतलेला पाठ वाया जातो.

(२) बैठक घरधनी व गृहिणी या दोघांची मिळून घ्यावी. धान विकण्याचा निर्णय त्याच्याकडे आणि भांड्यातील माप तिच्याकडे, अशी विभागणी असल्याने एकट्याशी बोलून हिशेब पुरा होत नाही.

(३) कोणाच्याही घराचे कर्ज वा उधारी सर्वांसमोर विचारू नये. बैठकीत उदाहरणातील कुटुंबाचा हिशेब फळ्यावर मांडावा. प्रत्येकाने आपला आकडा आपल्या घरी भरावा.

(४) बरोबर तराजू न्यावा. घरचे माप तोलून दाखविल्याखेरीज कोणाचा विश्वास बसत नाही.

(५) शाळेतील दुपारचे भोजन व अंगणवाडीतील आहार यांमुळे घरच्या मुलाचे जेवण कमी करू नये, हे स्पष्ट सांगावे. तो आहार पूरक आहे.

(६) श्रावणात पुन्हा भेट द्यावी. खूण केलेली पोती किती उरली व किती उधारी झाली ते पाहूनच पाठाचे यश मोजावे.

सारांश

सात दिवस मोजावे. वर्षाचा धान व तूर खळ्यावरच बाजूला काढावी. रोखीचा मासिक तक्ता करावा. चार कठीण महिन्यांची रक्कम विक्रीच्या दिवशीच वेगळी ठेवावी. कात्री खाऊला लावावी, डाळीला नव्हे. एवढ्या पाच गोष्टींना एक वही, एक माप व एक तराजू पुरेसा आहे. पहिल्या वर्षी आकडे चुकतील. कणगी भाद्रपदाऐवजी श्रावणात संपेल, किंवा दोन पोती उरतील. ती चूक वहीत लिहून ठेवावी आणि पुढील कार्तिकात तेवढी दुरुस्ती करावी. बियाणे राखून ठेवल्यावाचून जसा कोणी धान विकीत नाही, तसेच घरचे अन्न राखून ठेवल्यावाचून कोणी धान विकू नये.